असू द्या

पहिल्या दिवशी मी तिला पस्तीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आधीच्या माणसाचं बोलणं अशा वळणावर होतं की त्याला उठवणं शक्य नव्हतं. दार उघडून मी माफी मागितली, तर ती अर्धवट उठत म्हणाली, "असू द्या ओ मॅडम, मीच लवकर आले." ती लवकर आली नव्हती. दिलेल्या वेळेला, बरोबर चार वाजता आली होती. पुढच्या तासाभरात तिनं "असू द्या" किती वेळा म्हटलं ते मी कागदाच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजलं. चौदा.

मी समुपदेशक आहे आणि हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं आहे. कारखान्यात आणि गल्लीत तिला सगळे अक्का म्हणतात. इथंही तेवढंच पुरे.

ती आली तेव्हा

अक्का ३८ वर्षांची. नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, दोन मुलं शाळेत, घरात सासू, दीर आणि जाऊ. सोलापूरच्या पूर्व भागातलं तीन खोल्यांचं घर. ती स्वतः अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये बारा वर्षं चेकिंगच्या टेबलावर उभी आहे. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गणवेशाचा धंदाही इथं मोठा आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे दोन-तीन महिने तिथं कुणाला उसंत नसते. शिवून आलेला प्रत्येक नग अक्काच्या हाताखालून जातो. काज उसवलंय, शिलाई सुटलीय, खिसा तिरका बसलाय. दोष दिसला की त्या जागेवर लाल बाणाचं छोटं स्टिकर लावायचं आणि नग बाजूला सारायचा. ही नजर शिकवून येत नाही, असं तिच्या हाताखालच्या मुली सांगतात. ती स्वतः हे कधीच सांगणार नाही.

तिला पाठवलं होतं डॉक्टरांनी. तीन महिने डोकं दुखत होतं, छातीत जळजळ, रात्री तीनला जाग आली की पुन्हा झोप नाही. रक्तदाब, रक्ताच्या तपासण्या, थायरॉईड, सगळं ठीक. "मनावर काही घेतलंय का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती एकदम रडली आणि लगेच त्यांचीच माफी मागितली.

काय घडलं होतं ते तिनं दुसऱ्या भेटीत सांगितलं. सांगताना पर्समधून एक चिठ्ठी काढली. घडी घालून घालून ती गुळगुळीत झाली होती, कडेला खडूची निळसर पूड लागलेली. कटिंगवरून बंडल येतं त्याला बांधलेली साइजची चिठ्ठी. सीझनच्या ऐन गर्दीत ३२० हाफ पँटच्या बंडलांवर चुकीच्या साइजच्या चिठ्ठ्या बांधल्या गेल्या. चिठ्ठीप्रमाणे लेबल लागलं, चिठ्ठीप्रमाणे तिनं तपासलं, माल गेला आणि परत आला. शेठ मशीनच्या रांगांमधून चालत तिच्या टेबलापाशी आले आणि चाळीस बायांसमोर म्हणाले, "डोळे कुठं असतात तुमचे?" कटिंग मास्तर चार हातांवर उभा होता. चूक कुणाची ते त्याला माहीत होतं. अक्काच्या मुठीत ती चिठ्ठी होती. आणि अक्का म्हणाली, "माझंच चुकलं."

पगारातून दीड हजार कापले गेले. घरी नवऱ्यानं विचारलं, कमी कसे? "खाडे झाले होते," म्हणाली. त्या रात्रीपासून तीनची जाग सुरू झाली.

मी विचारलं, चिठ्ठी का नाही दाखवली?

"दाखवली असती तर मास्तरची नोकरी गेली असती. शेठ अजून चिडले असते. आणि बघायला पायजेच होतं की मी. बारा वर्षं झाली, मला कळायला नको? मी हायेच तसली. बिनकामाची."

शेवटची तीन वाक्यं तिनं ज्या सहजतेनं म्हटली, तिकडं माझं लक्ष गेलं. रडणं नाही, आवाज चढणं नाही. पाढा म्हणावा तसं.

पहिल्या दोन भेटींत मी नेहमीची विचारपूस पूर्ण केली. नैराश्याची लक्षणं होती, पण मध्यम. मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. हे विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरतात ही समजूत खोटी आहे. "नकोसं वाटतं, पण मरावंसं नाही वाटत," म्हणाली. उत्तर वेगळं असतं तर तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं असतं. तरी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला, कारण रात्री तीनला मी फोन उचलणार नाही आणि तिथं कुणीतरी उचलतं. घरात मारहाण आहे का, हेही वेगळं, एकटीला बसवून विचारलं. नव्हती. असती तर पुढं जे लिहितेय त्यातलं निम्मं मी केलंच नसतं. जिथं तोंड उघडल्यावर हात उठतो, तिथं आधी सुरक्षिततेचं बघायचं, बोलायला शिकवणं नंतर.

मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली तयार केलेली दहा वाक्यांची एक साधी प्रश्नावली आहे. स्वतःची किंमत माणूस स्वतः किती लावतो, त्याचा अंदाज येतो. ३० पैकी १५ च्या खाली आकडा आला की सहसा कमी धरतात. अक्काचा आला ९.

छाट

तिची आई विड्या वळायची. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरचं चित्र: मांडीवर सूप, भिजवलेली पानं, कात्री, पत्र्याचा साचा, आणि दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणून जेवणाचं ताट तिथंच. अक्का आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर विड्या द्यायला कारखान्यात जायची. तिथला तपासणारा विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, हातात घ्यायचा, बोटांनी दाबायचा आणि नको त्या विड्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाट झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत. कधी खरंच विड्या ढिल्या असायच्या, कधी त्याचा मूडच तसा असायचा.

"आई काय म्हणायची?"

"काही नाही. बोललं की दुसऱ्या दिवशी पानं खराब द्यायचे. नाहीतर कमी. मग घरी येऊन म्हणायची, माझ्याच हाताला वळण नाही."

इथं मी थोडा वेळ थांबले. कारण सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्या आईचं गप्प बसणं मूर्खपणाचं नव्हतं. ज्याच्या हातात उद्याची पानं आहेत त्याच्याशी भांडून चालत नाही. आणि दोष स्वतःच्या हाताला दिला की निदान एक तरी गोष्ट आपल्या ताब्यात राहते: हात सुधारता येईल, तपासणारा सुधारता येणार नाही. आठ वर्षांच्या मुलीनं हे पाहिलं आणि नियम बनवला, शब्दांत नव्हे, अंगात. तोंड उघडलं की पान बंद. कुणी बोलण्याआधी आपणच आपल्याला बोलून मोकळं व्हावं.

मेलनी फेनेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ याला जगण्याचे नियम म्हणतात. लहानपणी स्वतःबद्दल एक तळाचा निकाल मनात बसतो, "मी बिनकामाची", मग तो निकाल उघडा पडू नये म्हणून माणूस नियम करतो, "कुणाला नाराज करायचं नाही, चूक करायची नाही." नियम पाळला जातोय तोवर बरं चालतं. ३२० पँट परत आल्या की नियम तुटतो आणि तळाचा निकाल वर येतो.

यात दुसरं एक चक्र फिरत असतं. वाद टाळला की त्या क्षणी छातीतली धडधड थांबते. हे सुख खरं आहे, आणि तेच सवय पक्की करतं. दर वेळी टाळलं की सुटका, सुटका झाली की पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं. बिल नंतर येतं, रात्री तीनला. आपल्याकडं तर त्यावर कौतुकाचा हप्ताही मिळतो. "किती समजूतदार," "पोरगी म्हणजे गरीब गाय," "हिनं पडतं घेतलं म्हणून घर टिकलं." अक्काला सासरी वीस वर्षांत मिळालेली शाबासकी एवढीच. ती सोड, असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते? तिच्या हातात दुसरं काही येईपर्यंत ती सोडणार नव्हती, आणि मी तसं सांगितलंही नाही.

ज्या गोष्टी चालल्या नाहीत

पहिले दोन-तीन आठवडे फुकट गेले. मी तिला वही दिली, रात्री मनात आलेले विचार लिहा म्हटलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या पद्धतीत विचारांची नोंद हा पायाच आहे, आणि मी ती अनेकांकडून करून घेतली आहे. अक्कानं वही परत आणली तेव्हा दोन पानं भरलेली होती आणि दोन्ही पानांवर तिनं स्वतःला झोडपलेलं होतं. नीटनेटक्या अक्षरात, तारीख घालून. मी तिला छडी आणून दिली होती.

त्याआधी तिच्या एका नातेवाईक बाईनं मोबाइलवर काहीतरी पाहून सुचवलं होतं की रोज आरशासमोर "मी खूप चांगली आहे" असं एकवीस वेळा म्हणायचं. अक्कानं ते मन लावून केलं. "चौथ्या दिवशी आरशातली बाई मला खोटारडी वाटायला लागली," म्हणाली. ज्याचा तळाचा निकाल इतका पक्का आहे त्याच्या तोंडून असं वाक्य काढलं की आतून लगेच उलटतपासणी सुरू होते.

बाण

वळण तिच्या टेबलावरून आलं. मी तिला सहज विचारलं होतं, दोष सापडलेला नग तुम्ही फेकून देता का?

ती हसली. "फेकून कसा देणार ओ? ऑल्टरला जातो. जिथं बाण लावलाय तेवढंच उसवायचं, परत शिवायचं."

"बाण कशाला लागतो? नगाला की शिलाईला?"

"शिलाईला."

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी शेंगाची पोती उतरवत होतं, त्यांचा आवाज तेवढा येत होता. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे मी माझ्या अख्ख्या नगालाच बाण लावायलेय का?"

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली आणि कि. मो. फडके यांनी जी महाराष्ट्रात रुजवली, तिचा हा एक मुख्य खांब आहे: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. कृती मोजता येते, अख्खा माणूस मोजता येत नाही. मी हे तिला आधी दोनदा समजावून सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तिनं मान डोलावून "असू द्या" म्हटलं होतं. लाल बाणानं जे झालं ते माझ्या समजावण्यानं झालं नव्हतं.

त्यानंतर वही बदलली. तीन रकाने: जागा, दोष, ऑल्टर. जागा म्हणजे कुठं, कधी. दोष एका ओळीत. ऑल्टर म्हणजे आता काय करायचं, किंवा "काही करण्यासारखं नाही". माणसाबद्दल लिहायला रकानाच नाही. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि अंथरुणात तर अजिबात नाही. पहिल्या आठवड्यातली एक नोंद मला तोंडपाठ आहे: "जागा: स्वयंपाकघर. दोष: आमटीत मीठ दोनदा. ऑल्टर: पाणी घातलं. बटाटा घातला. खाल्ली सगळ्यांनी."

स्वतःशी मायेनं वागायला सांगितलं की लोकांना वाटतं आता हा माणूस ढिला पडणार. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून हा विषय अभ्यासाला घेतला तो याच शंकेला तोंड देत. त्या तीन गोष्टी सांगतात: स्वतःला मित्रासारखं बोलणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ध्यानात असणं, आणि दुखतंय ते न फुगवता, न दाबता बघणं. अक्काच्या टेबलावर काम करणारी मुलगी चुकली तर अक्का काय म्हणते? "उसव, परत घाल, घाई करू नको." हेच वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

सवयी

मोठं काही ठरवलं नाही. आधी डबा. बारा वर्षं ती सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानं, कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाची चटणी पाच मिनिटांत गिळायची. ठरलं असं की पहिल्या बॅचला, बसून, वीस मिनिटं. जळजळ महिन्याभरात बरीच कमी झाली, हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही. दुसरं, संध्याकाळी रिक्षा अशोक चौकात सोडायची आणि तिथून घरापर्यंत चालत, फोन पर्समध्ये. शेठ काय म्हणाले, मास्तरनं कसं बघितलं, ते सगळं त्या वाटेवर आठवून घ्यायचं. घराच्या उंबऱ्यावर संपलं.

तिसरी सवय सगळ्यांत अवघड गेली, आणि ती एका वाक्याची होती. कुणी काही मागितलं की "असू द्या" किंवा "करते की" याऐवजी: "थांबा, बघून सांगते." नकार नाही. फक्त मधली जागा. हे वाक्य तिच्या तोंडून माझ्या खोलीत पहिल्यांदा निघालं तेव्हा शेवटचे दोन शब्द ऐकूच आले नाहीत. आम्ही उभ्यानं सराव केला. पाय जमिनीवर पक्के, श्वास सोडून मग बोलायचं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली न्यायचा, प्रश्न विचारल्यासारखा वर नाही. मी जाऊ झाले, मास्तर झाले, शेठ झाले. तीस-चाळीस वेळा म्हणून घेतलं. चौथ्या आठवड्यात तिनं ते पहिल्यांदा खरंच वापरलं, आणि घरी जाऊन तिला मळमळलं.

किती दिवसांत जमेल, असं तिनं विचारलं होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला, २०१० सालचा एक अभ्यास आहे. नवी सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नव्हती. मी तिला शेवटचा भाग दोनदा सांगितला. कारण अशी माणसं एक दिवस चुकला की तेवढ्यावरूनही स्वतःला फाशी देतात.

पायऱ्या

भीती शंभरात किती, असं आम्ही विचारतो. अक्का म्हणाली, रुपयात सांगते. भाजीवालीनं पाच रुपये कमी परत दिले तर मागणं: पंधरा पैसे. शेअर रिक्षात चौथा माणूस अंगावर बसवला तर बोलणं: पंचवीस. मशीनवरच्या बाईला खराब नग परत देताना "सॉरी" न म्हणणं: तीस. जावेला पाणी भरायला सांगणं: पन्नास. कटिंग मास्तरशी बोलणं सत्तर, शेठशी पंच्याऐंशी. आणि सगळ्यांत वर, पंच्याण्णव पैसे: दिराकडं भिशीचे चाळीस हजार मागणं. दोन वर्षांपूर्वी तिची भिशी उठली त्याच आठवड्यात त्यानं गाडीसाठी घेतले होते. परत देतो म्हणाला होता. त्यानंतर तो विषयच निघाला नव्हता. नातं जितकं जवळचं तितके भीतीचे पैसे जास्त, हे मी बहुतेकांच्या यादीत पाहिलंय.

भाजी, रिक्षा भराभर झालं. पाण्याशी ती अडली.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं ते कधी रात्री अकराला, कधी पहाटे. ज्या घरात ते कुणीतरी एकटीच भरते, त्या घरात त्या बाईची झोप कुणाच्याच हिशेबात नसते. लग्न झाल्यापासून पाणी अक्कानं भरलं. पाचव्या आठवड्यात तिनं जावेला सांगितलं, "उद्याचं पाणी तू भर. मला सहाला निघायचंय." एकच कारण, जास्त नाही, आम्ही ते आधी छाटून ठेवलं होतं, कारण घाबरलेला माणूस पाच कारणं देतो आणि समोरचा त्यातलं सगळ्यांत कच्चं पकडतो. जाऊ म्हणाली, "बघते."

पहाटे पाणी आलं. अक्का जागी होती, अर्थातच. पाइपातला आवाज तिला ऐकू येत होता. जाऊ उठली नाही. पाणी आलं आणि गेलं.

सकाळी सासूनं घर डोक्यावर घेतलं. अक्कानं मला सांगितलं, "मॅडम, जीभ इथवर आली होती, माझंच चुकलं म्हणायला." पण म्हणाली नाही. शेजारून दोन घागरी आणल्या, मुलांपुरतं केलं, सहाला निघाली. दिवसभर हात थरथरत होते. मला विचाराल तर सगळ्या सहा महिन्यांतली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच होती. तिच्या न करण्यानं जी पोकळी झाली ती तिनंच भरली नाही. बोलायला शिकणं तुलनेनं सोपं आहे. बोलून झाल्यावर समोरच्यानं केलं नाही, घर कोरडं पडलं, तर ते कोरडं राहू देणं, यात माणसाचा कस लागतो. पुढच्या पाण्याला जाऊ उठली. धुसफुसत, भांडी आपटत, पण उठली.

किंमत मोजावी लागलीच. "मॅडमकडं जायला लागल्यापासून तोंड सुटलंय," असं घरात बोललं जाऊ लागलं. नवरा म्हणाला, "कशाला वाढवतीस?" मी त्याला एकदा बोलावलं. तोही तिच्यासारखाच निघाला, भावाशी कधी दोन शब्द न बोललेला. निघताना तो म्हणाला, "रात्री उठून बसती हे मला माहीत होतं. विचारायचं कसं ते कळत नव्हतं." या एका वाक्यासाठी त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, पण मला वाटतं ती वसूल झाली.

आणि मग तिचा तोल गेला. सातव्या आठवड्यात, नव्यानं लागलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर ती सगळ्यांसमोर ओरडली. "डोळे कुठं असतात तुझे?" शेठचंच वाक्य. माझ्यासमोर बसून ती पुन्हा जुन्या पाढ्यावर आली: बिनकामाची, दुष्ट, आधीचीच बरी होते.

हे होतं. वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेला माणूस जेव्हा बोलायला लागतो, तेव्हा पहिला आवाज बहुधा आपल्याहून दुबळ्यावर निघतो. तिथं धोका कमी असतो. मी तिला धीर दिला नाही, वही पुढं केली. तिनं लिहिलं. जागा: टेबल. दोष: आवाज चढला, चारचौघांत. ऑल्टर: ? इथं ती अडली. "पाया पडू का तिच्या?" म्हणाली. नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्या मुलीला त्याच ठिकाणी, त्याच बायांसमोर सांगितलं, "काल माझा आवाज चढला, ते चुकलं. काज उसवलेलं होतं, ते मात्र परत घालायचं." दोन्ही वाक्यं खरी, एकानं दुसऱ्याला खोडलं नाही. बारा वर्षांत त्या टेबलावर कुणी कुणाची अशी माफी मागितली नव्हती.

मास्तर, शेठ, दीर

मास्तरशी बोलणं अपेक्षेपेक्षा साधं झालं. चहाच्या वेळी तिनं जुनी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. त्याचे कान लाल झाले, एवढंच.

शेठकडं ती गणपतीनंतर गेली. तयारी तीन वाक्यांची. काय घडलं होतं: चिठ्ठी कटिंगवरच चुकली होती, ही बघा. त्याचं मला काय झालं: दीड हजार कापले आणि सगळ्यांसमोर बोललात. काय हवंय: पुढच्या सीझनपासून बंडलाच्या चिठ्ठीवर कटिंगवाल्याची सही, आणि माझे दीड हजार. शेठनी चिठ्ठी उलटीपालटी केली, म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तेव्हा भ्याले होते." सहीची पद्धत दिवाळीआधी सुरू झाली. दीड हजार मिळाले नाहीत. "बघू," म्हणाले, आणि ते बघणं अजून चालूच आहे.

तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. "म्हटलं. नाही मिळालं. रात्री झोपले." तीन वाक्यं. तीनची जाग त्या आठवड्यात दोनदाच आली होती.

डिसेंबरात ती प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. ९ चे १७ झाले. मी या आकड्यावर फार विसंबत नाही, कारण माणूस समुपदेशकाला बरं वाटावं म्हणूनही चांगलं लिहितो, आणि अक्का तर तसं लिहिण्यातली. मला जास्त भरवसा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. त्याच महिन्यात मला पुन्हा उशीर झाला, वीस मिनिटं. दार उघडून माफी मागितली. अक्का बाकावरून उठली, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "वीस मिनिटं झाली मॅडम. पुढच्या वेळी उशीर होणार असला तर फोन करा." तिचे कान लाल झाले होते, पण वाक्याच्या शेवटी आवाज खाली गेला होता. मी हो म्हटलं. आता फोन करते.

दिराचं काम बाकी आहे. एकदा बोलून झालं. त्यानं पाच हजार दिले आणि बाकीचे "होतील" म्हणाला. वहीत नोंद आहे: दोष: तारीख घेतली नाही. ऑल्टर: घ्यायची. सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आमचा गड्डा, उरकली की त्यानंतरच्या रविवारी, जेवण झाल्यावर, असं तिनं ठरवलंय. यावेळी नवराही शेजारी बसणार आहे. तो काय बोलणार, असं मी विचारलं. "त्यानं बोलायचं नाही ठरवलंय," अक्का म्हणाली, "फक्त उठून जायचं नाही."